एन. एस. कृष्णन यांच्या जीवनावर तासाभराचा कार्यक्रम कसा बसवावा

तालुक्याच्या गावचे वाचनालय असो, महाविद्यालयाचे वाङ्मय मंडळ असो किंवा वर्षानुवर्षे चालत आलेली एखादी व्याख्यानमाला असो, मराठवाड्यात परप्रांतातल्या कलावंतावर कार्यक्रम ठेवायचे ठरले की नजर बहुधा बंगालकडे वळते. तमिळ रंगभूमीचा विचार फारसा होत नाही, आणि झालाच तर तो एम. जी. रामचंद्रन किंवा शिवाजी गणेशन यांच्यापाशी थांबतो. विनोदी नटाचे चरित्र ऐकायला लोक तासभर बसतील का, अशी शंकाही संयोजकांच्या मनात असते. नागरकोविलचे एन. एस. कृष्णन यांच्या बाबतीत ही शंका बाळगण्याचे कारण नाही. त्यांच्या विनोदाची मुळे लोकगायनात आणि कीर्तनात होती, आणि त्यांनी त्याच साधनांनी जातीभेदावर, दारूवर व अज्ञानावर बोट ठेवले. एकनाथांची भारुडे, सप्ताहातली कीर्तने आणि आंबेडकरी जलसे ज्या प्रदेशाने पिढ्यानपिढ्या ऐकले आहेत, त्या प्रदेशातल्या श्रोत्याला हा नट समजावून सांगण्यासाठी फार आटापिटा करावा लागत नाही. मात्र कार्यक्रमाची मांडणी विचारपूर्वक करावी लागते, आणि ती कशी करावी हे पुढे सांगितले आहे.

पहिला निर्णय कार्यक्रमाचा कणा कोणता असावा याचा घ्यावा. जन्मापासून मृत्यूपर्यंत क्रमाने वाचत गेलेले चरित्र वीस मिनिटांत सभागृह रिकामे करते, आणि नुसत्या गमतीदार आठवणींची माळ ओवली तर श्रोते हसतात, पण घरी जाताना त्यांच्याबरोबर काहीच जात नाही. म्हणून कृष्णन यांची एकच कलाकृती मध्यभागी ठेवावी, ती प्रत्यक्ष सादर करावी, आणि चरित्रातला जेवढा भाग ती समजण्यासाठी लागतो तेवढाच तिच्याभोवती मांडावा. माझ्या मते त्यासाठी ‘किंदनार’ या आख्यानाइतकी योग्य दुसरी निवड नाही. त्याचा तपशील पुढे येईल, आधी कालपट.

कालपट एका मोठ्या कागदावर हाताने लिहून काढावा आणि तो तालमीच्या खोलीत भिंतीवर लावावा. नागरकोविल सुडलैमुत्तु कृष्णन यांचा जन्म २९ नोव्हेंबर १९०८ रोजी नागरकोविलजवळच्या ओळुगिनसेरी येथे झाला. हा भाग तेव्हा त्रावणकोर संस्थानात होता, म्हणजे भाषा तमिळ आणि राज्य मल्याळी राजाचे. निजामाच्या राज्यात मराठी बोलणाऱ्या आपल्या आजी-आजोबांची स्थिती आठवली की ही गोष्ट श्रोत्यांना लगेच उमगते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारावर राज्यांची फेररचना झाली, तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला आणि त्याच दिवशी नागरकोविलचा परिसर त्रावणकोर-कोचीनमधून मद्रास राज्यात गेला. कृष्णन यांना हा बदल जेमतेम दहा महिने पाहता आला, कारण ३० ऑगस्ट १९५७ रोजी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मद्रासमध्ये त्यांचे निधन झाले. ही एक नोंद निवेदनाच्या सुरुवातीच्या पाच मिनिटांत यावी. तिच्यामुळे दूरचा माणूस एकदम ओळखीचा होतो.

त्यानंतर रंगभूमीचा भाग येतो, आणि इथे घाई करू नये. कृष्णन यांची सुरुवात विल्लुपाट्टु या लोकप्रकारातून झाली. दक्षिण तमिळ प्रदेशातल्या ग्रामदैवतांच्या जत्रांत हा प्रकार चाले. माणसाच्या उंचीहून मोठे, घुंगरे बांधलेले धनुष्य आडवे ठेवून त्याच्या दोरीवर काठ्यांनी ताल धरायचा, शेजारी मातीचा घडा वाजवायचा आणि मुख्य गायकाने कथा सांगायची, अशी त्याची रीत आहे. गायकाच्या बाजूला बसलेला साथीदार प्रत्येक वाक्याला ‘आमा’ म्हणजे ‘होय’ म्हणत कथा पुढे ढकलतो, मधूनच प्रश्न विचारतो, शंका काढतो. गोंधळात मुख्य गोंधळ्याला अडवणारा साथीदार किंवा तमाशाच्या वगातला सोंगाड्या ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे नाते सांगावे लागत नाही. पुढे कृष्णन टी. के. एस. बंधूंच्या नाटक मंडळीत दाखल झाले. ती मुलांची मंडळी होती. कोवळ्या वयात घर सोडून आलेली मुले तिथे गाणे, पाठांतर आणि रंगभूमीची शिस्त शिकत आणि गावोगाव फिरत. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांतल्या बालनटांचे आयुष्य याहून फार वेगळे नव्हते.

आता ‘आमा’ची तालीम. कार्यक्रमात विल्लुपाट्टुचा नमुना तीन-चार मिनिटांहून अधिक दाखवू नये, पण तेवढा तरी नीट बसलेला असावा. मोठे वेताचे किंवा बांबूचे धनुष्य करून त्याला घुंगरांच्या दोन माळा बांधल्या आणि दोरी ताणून बांधली तर चालते. खाली तोंडावर कापड गुंडाळलेला माठ घ्यावा. मुख्य गायक सवयीने चांगला गातो. खरी मेहनत साथीदारावर घ्यावी लागते. त्याने होकार वाक्य संपल्यावर दिला तर उशीर होतो आणि कथा लंगडते. वाक्यातला शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच ‘होय’ आले पाहिजे, आणि ते दोरीवरच्या पुढच्या आघाताच्या आधी संपले पाहिजे. चार ओळी असा होकार नियमाने आला की श्रोत्याच्या कानाला त्याची सवय लागते. मग पाचव्या ओळीला, जिथे कथेतला सावकार किंवा पुढारी काही खोटे बोलतो तिथे, साथीदाराने नुसते गायकाकडे पाहावे आणि गप्प राहावे. सभागृह त्या रिकाम्या जागेत हसते. ही जागा एकदा हाती लागली की कृष्णन यांच्या पुढच्या साऱ्या कारकिर्दीत प्रश्न विचारणारा साधा माणूस पुन्हा पुन्हा का दिसतो, ते निवेदकाने वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

चित्रपटाचा भाग थोडक्यात आटोपावा. १९३६ च्या ‘सती लीलावती’मध्ये कृष्णन होते, एलिस डंगन या अमेरिकी दिग्दर्शकाचा हा चित्रपट, आणि एम. जी. रामचंद्रन प्रथम पडद्यावर आले तेही यातूनच. नावांच्या यादीपेक्षा कृष्णन यांच्या कामाची पद्धत सांगणे महत्त्वाचे आहे. विनोदाचा भाग ते मूळ कथेपासून बराचसा वेगळा ठेवत, तो आपल्या माणसांना घेऊन स्वतः बांधत, आणि मग तो चित्रपटात जोडला जाई. त्यामुळे पौराणिक किंवा राजेरजवाड्यांच्या कथेतही त्यांना आपल्या काळाबद्दल बोलता येत असे. त्या काळातल्या मोठ्या चित्रपटांपैकी ‘चंद्रलेखा’ (१९४८) यातही ते आहेत, एवढा उल्लेख पुरे.

या भागात चुका सहज होतात, म्हणून संहिता लिहिणाऱ्याने तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. ‘अंबिकापती’ नावाचे दोन चित्रपट आहेत, १९३७ चा आणि १९५७ चा, आणि कृष्णन दोन्हींत आहेत; छायाचित्र वापरताना वर्ष पाहावे. ‘कृष्णन–पंजू’ ही तमिळ चित्रपटांतली प्रसिद्ध दिग्दर्शक जोडी आहे. तिच्यातले कृष्णन वेगळे, आपले नव्हेत. आपल्या कृष्णन यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत ‘मणमगळ’ (१९५१) आणि ‘पणम’ (१९५२) येतात. तिसरी गोष्ट म्हणजे त्यांना मिळालेली ‘कलैवाणर’ ही उपाधी. तमिळनाडूत आजही बहुतेक लोक त्यांना याच नावाने ओळखतात आणि चेन्नईतल्या शासकीय सभागृहाला ‘कलैवाणर अरंगम’ असेच नाव आहे. भित्तिपत्रकावर मूळ नावाखाली ही उपाधी अवश्य छापावी.

टी. ए. मधुरम यांच्याबद्दल मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अनेक निवेदनांत त्या ‘कृष्णन यांच्या पत्नी’ म्हणून एका वाक्यात येतात आणि जातात. प्रत्यक्षात पडद्यावरच्या त्या जोडीत अर्धे काम मधुरम यांचे होते. कृष्णन बढाई मारत, आणि त्यांचा फुगा फोडणारे वाक्य मधुरम यांच्या वाट्याला येई. दोघांची भेट ‘वसंतसेना’ (१९३६) या चित्रपटाच्या निमित्ताने झाली आणि त्याचे चित्रीकरण आपल्या पुण्यात होते. पुढे कृष्णन तुरुंगात असताना त्यांच्या नावाची नाटक मंडळी मधुरम यांनी एस. व्ही. सहस्रनामम यांच्या साथीने चालवली. म्हणून कार्यक्रमात स्त्री निवेदक असावी आणि तिच्याकडे केवळ दुवे जोडण्याचे काम न देता मधुरम यांचा भाग पूर्णपणे तिनेच सांगावा.

तुरुंगाचा विषय टाळू नये आणि रंगवूही नये. सी. एन. लक्ष्मीकांतन हे मद्रासमध्ये सिनेनटांच्या खासगी आयुष्याबद्दल बदनामीकारक मजकूर छापणारे पत्रकार होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांच्यावर चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. या खटल्यात त्या काळचे सर्वांत लोकप्रिय गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर आणि कृष्णन यांना अटक झाली. १९४५ मध्ये ज्यूरीच्या निकालावरून दोघांना जन्मठेप झाली, उच्च न्यायालयातले अपीलही फेटाळले गेले. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तिथून ते फेरसुनावणीसाठी परत आले आणि एप्रिल १९४७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवून मुक्त केले. निवेदकाने एवढेच, याच क्रमाने, सावकाश सांगावे. खून कोणी केला असेल याबद्दलचे तर्क व्यासपीठावरून मांडू नयेत. एका माणसाचा जीव गेला होता आणि दोन माणसांची सुमारे अडीच वर्षे गेली होती, हे विसरून त्याची रहस्यकथा करणे बरे नाही. एक तपशील मात्र श्रोत्यांच्या मनावर ठसतो. हल्ल्याच्या काही आठवडे आधी, १९४४ च्या दिवाळीत, भागवतर आणि कृष्णन यांचा ‘हरिदास’ प्रदर्शित झाला होता. आईवडिलांना दूर सारणारा मुलगा पुढे त्यांच्या सेवेत लीन होतो, अशी आपल्या पुंडलिकाच्या कथेशी नाते सांगणारी त्याची गोष्ट आहे. मद्रासच्या ब्रॉडवे चित्रगृहात तो चित्रपट तीन दिवाळ्या पाहत चालला, आणि त्यातला बहुतेक काळ पडद्यावर गाणारे-हसवणारे हे दोघे गजाआड होते. सुटकेनंतर भागवतरांना पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही. कृष्णन मात्र कामाला लागले, आणि त्यांचे सर्वांत धीट काम या सुटकेनंतरचे आहे.

ते काम म्हणजे ‘नल्ल तंबी’ (१९४९). दारूबंदीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या या चित्रपटाची पटकथा सी. एन. अण्णादुरै यांनी लिहिली होती, जे पुढे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. कृष्णन यांना गांधीजींबद्दल आणि पेरियार रामस्वामी यांच्याबद्दल, दोघांबद्दलही आदर होता. त्यामुळे निवेदनात त्यांना एका पक्षाच्या खुंटीला बांधू नये. गांधीजींची कथा त्यांनी विल्लुपाट्टुतून सांगितली, तिची रचना करणारे सुब्बु आरुमुगम पुढे स्वतः या कलेचे मोठे नाव झाले. याच ‘नल्ल तंबी’त किंदनारचे आख्यान आहे, आणि आपल्या कार्यक्रमाचा मध्यभाग तेच आहे.

तमिळ श्रोत्याला ‘नंदनार’ माहीत असतो. नंदन हा शेतावर राबणारा अस्पृश्य मजूर. चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन घ्यावे ही त्याची एकच आस, आणि जमीनदार व जातीचे बंधन ही त्याची वाट अडवणारी भिंत. गोपालकृष्ण भारती यांनी एकोणिसाव्या शतकात या संताचे चरित्र गेय स्वरूपात रचले आणि कालक्षेपम म्हणजे हरिकथा करणाऱ्यांनी ते घरोघर पोहोचवले. कृष्णन यांनी त्याच थाटात, तेच गांभीर्य ठेवून, वेगळा नायक उभा केला. त्यांच्या किंदनला देवळात जायचे नाही. त्याला शिकायचे आहे. नंदन चिदंबरमची वाट पाहतो तसा किंदन शाळेची वाट पाहतो, आणि शेवटी आगगाडीत बसून मद्रासला निघतो. त्या गाडीत कोण कोणाशेजारी बसला हे कोणी विचारत नाही. रचना कवी उडुमलै नारायण कवी यांची.

मराठवाड्यातल्या श्रोत्याला हे कसे पोहोचवावे? मूळ गाण्याचे शब्दशः भाषांतर करून ते म्हणू नये. विनोद जागच्या जागी मरतो. त्याऐवजी आधी दोन मिनिटे चोखोबांबद्दल बोलावे. विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभा राहिलेला संत कोण, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे, आणि चोखोबा मनात आले की नंदनार समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर कीर्तनकाराने नारदीय पद्धतीने पूर्वरंग न करता थेट आख्यान लावावे. या निवडीला इतिहासाचाही आधार आहे. तंजावरला १६७६ पासून भोसल्यांचे राज्य होते. त्या आश्रयाने रामदासी आणि इतर मराठी कीर्तनकार तिकडे गेले, आणि तमिळ हरिकथेने साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चाली तिथूनच उचलल्या. तंजावर कृष्ण भागवतर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मिलाफाला जे रूप दिले, तेच कालक्षेपम पुढे कृष्णन यांच्या हाती आले. त्यामुळे किंदनाची गोष्ट साकी-दिंडीत सांगणे म्हणजे त्या प्रकाराला परक्या कपड्यांत बसवणे नव्हे.

आख्यानाचा मजकूर स्वतः लिहावा, वीस मिनिटांचा असावा, आणि त्यात गाव तमिळ प्रदेशातलेच ठेवावे. किंदनला बीड किंवा परभणी जिल्ह्यात आणून बसवण्याचा मोह होतो, तो आवरावा. श्रोता आपले गाव आपणच जोडतो, आणि ते जोडण्याचा आनंद त्याच्याकडून काढून घेऊ नये. ‘नल्ल तंबी’ पडद्यावर आला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, जे मिलिंद महाविद्यालय म्हणून आपण ओळखतो. सभागृहात बसलेल्या कित्येकांच्या घरातला पहिला पदवीधर तिथे शिकला असेल. ही नोंद आख्यान संपल्यावर निवेदकाने एका वाक्यात द्यावी आणि पुढे जावे.

कीर्तनकाराने चेहरा गंभीर ठेवावा, ही सूचना तालमीत वारंवार द्यावी लागेल. फेटा, उपरणे, चिपळ्या, बुक्का, सगळे रीतसर असावे. कृष्णन यांच्या प्रयोगाची ताकद कीर्तनाची टिंगल करण्यात नव्हती. कीर्तनाचा मान तसाच ठेवून त्यात शाळेची आस बसवण्यात होती. कीर्तनकाराने डोळे मिचकावले, नको तिथे हातवारे केले, की वारकरी श्रोता दुखावतो आणि जलसा ऐकलेल्या श्रोत्यालाही ते उथळ वाटते. हशा टाळकऱ्याच्या प्रश्नांतून यावा. देवदर्शनाची तळमळ सांगणारी चाल लावून कीर्तनकार ‘पाटी कधी लाभेल’ असे आळवतो आणि टाळकरी हळूच विचारतो, ‘महाराज, पेन्सिल?’, एवढ्यावर सभागृह उसळते; अशा तीन-चार जागा पुरेशा होतात.

हक्कांचा प्रश्न संयोजकांनी आधीच निकाली काढावा. भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, म्हणून १९४९ च्या चित्रपटावरचा हा हक्क संपला आहे आणि त्यातला दोन मिनिटांचा भाग पडद्यावर दाखवता येतो. गीताच्या शब्दांचा हक्क मात्र वेगळा धरला जातो आणि तो कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मूळ गाणे छापील पत्रिकेत देऊ नये, हे उत्तम. चित्रफितीचा आवाज जुना आणि खरखरीत असतो. ती आख्यानानंतर दाखवावी, आधी नव्हे, म्हणजे शब्द कळले नाहीत तरी श्रोता मागोवा घेऊ शकतो.

उच्चारांसाठी तमिळ बोलणारा माणूस शोधावा, आणि तो मराठवाड्यात वाटतो तितका दुर्मीळ नाही. उन्हाळ्यात आपल्या शिवारांत बोअर घ्यायला येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचाव्यात. त्यांतल्या कितीतरी तमिळनाडूतल्या तिरुचेंगोड भागातून आलेल्या असतात आणि त्यांवर काम करणाऱ्यांत तमिळ बोलणारे लोक असतात. संध्याकाळी काम थांबल्यावर चहाच्या टपरीवर त्यांच्यापैकी एखाद्याला आदराने विचारले, तर नावे दोन-तीनदा म्हणून घेता येतात आणि ती फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून निवेदकाला देता येतात. ‘ओळुगिनसेरी’तला ‘ळ’ आपल्या ‘ळ’पेक्षा मऊ आणि जीभ मागे वळवून म्हटला जातो, तो कानाने ऐकल्याशिवाय जमत नाही. कार्यक्रमाचे निमंत्रणही त्यांना द्यावे आणि पुढच्या रांगेत जागा राखावी.

कार्यक्रमानंतर प्रश्नांसाठी दहा मिनिटे ठेवावीत. पहिला प्रश्न बहुधा खटल्याबद्दल येईल. त्याला निकालाच्या तारखेसह एका वाक्यात उत्तर द्यावे. दुसरा प्रश्न असा येतो की अशा विनोदाने समाजात काही बदलले का. त्याला मोठे भाषण करू नये. १४ जानेवारी १९६९ रोजी मद्रासमध्ये कृष्णन यांच्या पुतळ्याचे अनावरण करायला मुख्यमंत्री अण्णादुरै आजारी असतानाही आले, आणि त्यानंतर तीनच आठवड्यांत, ३ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले, एवढे सांगावे आणि पुढचा प्रश्न घ्यावा.